मुरूम लागेपर्यंत

शके १९४६, वैशाख शुद्ध तृतीया, शुक्रवार. स्थळ देवमन नगर: अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाची वस्ती, जेथे शहराची हद्द संपते की नाही याविषयी दोन कचेऱ्यांचे अद्याप एकमत झालेले नाही. वस्तीतले पहिले घर खुशालराव अंबाडकरांचे. त्या घरी आखाजीच्या दुपारी पितरांची घागर भरून ठेवलेली होती, आमरस झाकलेला होता, वडे निवत होते, आणि पाने मांडायला कोणीही उठत नव्हते.

शहर वाढते, असे म्हणण्याची रीत आहे. ती रीत आळशी आहे. शहर आपण होऊन वाढत नाही. त्याला कोणीतरी जमीन द्यावी लागते, कोणी वाट, कोणी पाणी. या बाजूस जमीन खुशालरावांनी दिली. त्यांचे वडील देवमन माळी ज्या मळ्यात पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शेवंती पिकवीत, त्याचा रस्त्यालगतचा मोठा भाग त्यांनी अकृषक करून घेतला, आखणी करवली आणि वडिलांचेच नाव देऊन प्लॉट विकले. घेणारे अचलपूर, चांदूर बाजार, दर्यापूर या बाजूंचे शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार. राजापेठेतल्या शिकवण्या मुलांना लाभाव्यात म्हणून त्यांनी बायकामुलांना येथे आणून ठेवले आणि स्वतः आपल्याच घरी रविवारचे पाहुणे झाले. घरे आधी आली. रस्ता मागून आला. गटार आलेच नाही. आणि नळाची वाहिनी नाल्यापलीकडे येऊन थांबली ती थांबलीच. उरले पाणी. ते खुशालरावांचा मुलगा अमोल देत होता. आजोबांनी खोदलेल्या विहिरीवर त्याचे दोन टँकर सकाळपासून भरत. तेच पाणी पालकाच्या वाफ्यात सोडण्यापेक्षा लोकांच्या टाक्यांत सोडणे शहाणपणाचे आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

दामिनी सकाळच्या बसने अकोल्याहून आली होती. माहेरी येणारी लेक आधी पाय धुते, देवाला हात जोडते, मग बोलते. तिने क्रम उलटा केला. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, “माय, त्या घागरीतलं पाणी पितरांले दे. पण कोनाले पेऊ देऊ नको.”

दुर्गाबाई शेगडीपाशी कुरडया तळीत होत्या. त्यांनी झारा कढईवर आडवा धरला.

“पितरांले चालते अन् माणसाले चालत नाही, असं कोणतं पाणी वं बाई?”

“आपल्या विहिरीचं.”

दहा दिवसांपूर्वी आरती गेली तेव्हा दामिनी भेटीला आली होती, आणि परत जाताना बाटलीभर पाणी घेऊन गेली होती. अकोल्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. तपासणी तिने एकदा केली, मग दुसऱ्या सहकाऱ्याकडून करवून घेतली. विहिरीत मैल्याचे पाणी उतरत होते. वस्तीत पसरलेली कावीळ तेथूनच आली होती. आरती वस्तीच्या शेवटच्या ओळीत राहणाऱ्या श्याम मास्तरांची बायको, आठ महिन्यांची पोटुशी. अंगणवाडीच्या वयाची पोरे घरी बोलावून तिने त्यांची शाळा चालवली होती. बाकीचे पिवळे पडून उठले. ती उठली नाही.

दुर्गाबाईंनी घागरीकडे पाहिले. पहाटे सोवळ्याने जाऊन, पंपाच्या नळाला न लावता, दोराने शेंदून त्यांनी ती भरली होती, कारण सासऱ्यांना मोटेचे नाही तर दोराचे पाणी आवडे. त्यांनी घागरीवरचे फडके सारखे केले आणि कढईखालचा गॅस बंद केला. सणाच्या दिवशी तळण अर्धवट ठेवून त्या उठल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते.

“तुह्या बापाले सांग,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं तर थो म्हणन, बाईची अक्कल.”

*

बैठकीच्या खोलीत ते सांगून झाले तेव्हा अमोलने सर्वांत आधी पंख्याचा वेग वाढवला.

त्याला दुष्ट म्हणणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळावयास हवे. आरतीला रुग्णालयात त्यानेच नेले होते. मागच्या सीटवर त्याची बायको प्रणाली तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती, आणि राजापेठेच्या गर्दीत त्याने हॉर्नवरून हात काढला नव्हता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा श्याम चांदूर बाजारहून वाटेत होता. त्यास फोन करण्याचे कामही अमोलवर आले. हे सर्व ज्याने केले त्याला आज बहीण सांगत होती की तिला तेथवर पोहोचवले ते त्याच्याच टँकरने.

“तुह्यं म्हणणं कळलं,” तो म्हणाला. “आता मले एक सांग ताई. उद्या मी टँकर उभे केले, तर या वस्तीनं प्यावं काय? नळ हाय? बोअर? सगळ्या बोअरचे पंप आता हवा फेकून राहिले.”

“मी टँकर उभे कर असं म्हटलंच नाही. बाहेरून पाणी आण. विहिरीत औषध टाक. पण आधी लोकायले सांग. उकळून प्या म्हणा. घरात गरोदर बाई असन तर हे पाणी तोंडातही घेऊ नको म्हणा.”

“म्हणजे माह्याच तोंडानं म्हणू का मी पाजलं?”

“मग कोनाच्या तोंडानं म्हणतं?”

खुशालरावांची ऐकण्याची एक पद्धत होती: ते डोळे मिटून मान किंचित हलवीत, जणू समोरच्याची चूक पूर्ण होण्याची ते वाट पाहत आहेत.

“हे पाणी मी जन्मापासून पेतो,” ते म्हणाले. “तुह्या मायनं पेलं. तू पेऊन वाढली अन् मंग अकोल्याले जाऊन शाणी झाली. आमाले काहून नाही झाली कावीळ?”

“तवा पाणी चांगलं होतं बाबा. अन् आता झाली नाही हे तुमाले कसं माहीत? धडधाकट माणसाले ताप येते, भूक मरते, निघून जाते. मागच्या महिन्यात अमोल पंधरा दिवस जेवत नव्हता, तवा तुमी म्हणे ऊन लागलं.”

“बरं. आली घाण. कोठून आली? नाल्यातून आली असन. नाला कोनाचा? आमचा? ज्याचा नाला त्यानं पाहावं.”

“नाला विहिरीच्या खाली हाय,” दारातून आवाज आला. “खालचं पाणी वर चढत नसते दादा.”

खुशालरावांचे धाकटे भाऊ उत्तमराव आत आले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोगरा होता, घागरीसाठी. दामिनीचा जीव हलका झाला. देवमन माळ्याच्या मळ्याचा जो मागचा तुकडा अजून मळा होता तो या काकांचा. प्लॉट पडले त्या वर्षी ते मोठ्या भावाशी दोन वर्षे बोलले नव्हते. अमोलने विहिरीवर टँकर लावला तेव्हा ते पंपाच्या पेटीसमोर खाट टाकून झोपले होते. या घरात सत्य बोलून एकटे पडण्याचा सराव त्यांच्याइतका कोणाला नव्हता.

“काका, तुमीच सांगा आता,” ती म्हणाली.

*

उत्तमरावांनी मोगरा वहिनींच्या हाती दिला, खुर्चीवर बसले, गुडघे दोन्ही हातांनी दाबले.

काय सांगावे हे त्यांना ठाऊक होते. पंधरवड्यापूर्वी त्यांना हेच विचारले असते तर त्यांनी भावाच्या तोंडावर सांगितले असते. पंधरवड्यात जे घडले ते असे की मोगरा तोडायला येणाऱ्या तिन्ही बाया एका सकाळी आल्या नाहीत. त्या समोरच्याच वस्तीत धुणीभांड्यांना लागल्या होत्या. तेथे सावली होती, चहा मिळे, आणि पाठ मोडत नव्हती. उत्तमराव व माणिकबाई दोघांनीच फुले तोडली. अर्धी झाडावरच उमलून गेली, आणि उमललेला मोगरा बाजारात कोणी घेत नाही. मुलगा मनोज पुण्याहून फोनवर म्हणाला, बाबा, आता बस करा. दोन दिवसांनी राजापेठेतल्या एका चहाच्या दुकानात, ज्या दलालाला त्यांनी एकदा वावरातून हाकलून दिले होते त्याच्याकडून, उत्तमरावांनी इसार घेतला. मळा मेला तो पाण्यावाचून नव्हे. त्याच्या शेजारी उगवलेल्या घरांनी त्याचे हात नेले.

“औषध टाका,” ते खाली पाहत म्हणाले. “भरपूर टाका. अन् गप्प राहा.”

“काका?”

“गेलेली बाई वापस येत नाही बाई. बोभाटा करून काय भेटन?”

“अजून कोनी जाऊ नये, हे भेटन! या वस्तीत आणखी दोघी पोटुशा हायत. तुमी बोलून राहिले हे? तुमी?”

खुशालरावांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत भावाने त्यांची बाजू प्रथमच घेतली होती, आणि ती का घेतली हे ते क्षणात ओळखून चुकले. जमिनीच्या व्यवहारात त्यांचे नाक तीक्ष्ण होते.

“कोनाले देला?” त्यांनी विचारले.

उत्तर दुर्गाबाईंनी दिले. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, ओंजळीत मोगरा तसाच.

“इसार घेतला त्यायनं. माणिकनं मले नागपंचमीले पुजतो त्या झाडाखाली रडत रडत सांगितलं. मळ्याचाही आता ले-आऊट होते. देवमन नगर, भाग दोन.”

“वहिनी!”

“काय वहिनी? खोटं बोलली काय मी?”

अमोल हसला. हसू नये अशा वेळी येणारे ते हसू होते. “पाह्य ताई. आता सगळे एका बाजूनं झाले. नाही तर या घरात आंब्याच्या फोडीवरूनही दोन पक्ष पडतात.”

“एका बाजूनं नाही झाले,” दामिनी म्हणाली. “एका भावात झाले.”

ते खुशालरावांच्या वर्मी लागले. ते उठले. वस्तीत कोणाच्या वास्तूला, कोणाच्या बारशाला ते असेच उठून बोलत.

“तुले वाटते मी प्लॉटसाठी बोलून राहिलो. बरं, प्लॉटसाठीच. या लोकायनं आयुष्याची कमाई या घरायत घातली. उद्या पेपरात आलं का देवमन नगरचं पाणी नासलं, तर त्यायच्या घराले कोनी कुत्रं विचारन? मास्तर लोक हायत ते. त्यायनं जावं कोठं? अन् हे नाव माह्या बापाचं हाय. त्या माणसानं पहारीनं दगड फोडून विहीर काढली. त्याच्या नावावर, त्याच्याच सणाच्या दिवशी, मी थुंकू?”

हा युक्तिवाद खोटा नव्हता. त्यातले प्रत्येक वाक्य वेगळे काढून पाहिले तर टिकत होते. दामिनीला त्याचाच राग आला: बाबा बरोबर बोलत होते आणि तरीही माणसे मरणार होती.

“प्रणाली,” तिने वळून भावजयीस विचारले, “तू बोलत काहून नाही? टँकरचे फोन तूच घेतं. कोनाले कवा पाणी गेलं तुलेच माहीत.”

प्रणाली बाळापूरची. लग्न होऊन आली तेव्हा येथे तीन घरे होती. मामंजींपुढे ती बसत नसे, आजही भिंतीला टेकून उभी होती. आरतीच्या घरी पाणी नेहमी पहिल्या फेरीचे जाई, हे ती कोणाला सांगणार होती? पोटुशी बाई, जिना चढून बादल्या कशाला वाहील, म्हणून तिनेच ड्रायव्हरला बजावून ठेवले होते: श्यामभाऊंची टाकी आधी भरजा. मैत्रिणीसाठी करता येण्याजोगी तेवढीच गोष्ट तिच्या हातात होती आणि ती तिने एकही दिवस चुकवली नव्हती.

“मी काय सांगू ताई,” ती म्हणाली. “मोठे बसले हायत.”

“मंग ठरलं,” खुशालराव म्हणाले. “औषध टाका. गप्प राहा. पानं वाढा. पितर खोळंबले.”

दुर्गाबाई हलल्या नाहीत.

*

तेवढ्यात फाटक वाजले. श्याम मास्तर होता. काल दशक्रिया झाली होती. मुंडन केलेल्या डोक्यावर त्याने रुमाल बांधला होता. सुतक होते आणि आज दुसऱ्याच्या घरी सण, म्हणून तो फाटकाच्या आत आला नाही. उन्हातच उभा राहिला. सर्वजण ओसरीवर आले.

“काका, सणाच्या दिवशी आलो, राग नका मानजा.”

“काहून राग बापा? सावलीत ये.”

“नाही, इतंच बरं. दोन कामं होती. रविवारी तेरवी हाय. तिच्या माहेरचे सगळे येऊन राहिले, बाळापूरकडचेही हायत. अमोलभाऊ, त्या दिवशी एक टँकर जास्तीचा पाठवजा. स्वयंपाक घरीच होते.”

“पाठवतो,” अमोल म्हणाला. फार लवकर म्हणाला.

“अन् दुसरं काका तुमाले विचाराचं होतं. माणसं वाढली तर संडासाचा शोषखड्डा भरून आला. आता पाणी आत जात नाही. खोदणारा म्हणते अजून खोल घेऊ. घर बांधलं तवा तुमी खुर्ची टाकून बसले होते माह्या प्लॉटात, आठवते? तुमी म्हटलं होतं, मास्तर, काळी माती पाणी पेत नाही, फुगून बसते. मुरूम लागेपर्यंत खोदा, मुरूम सगळं पेऊन घेते. इतके दिवस थेंब वर आला नाही. सगळ्या लाइनीचे खड्डे तुमच्याच सांगण्यानं झाले, म्हणून म्हटलं काकालेच विचारावं. अजून खाली जाऊ काय?”

पहिल्या पावसाळ्यात वस्तीतले उथळ खड्डे उफाळून अंगणांत वाहू लागले, तेव्हा खुशालरावांनीच हा उपाय सांगितला होता. तो खरा होता. काळ्या मातीचे वावर कसणाऱ्यास जे कळते ते शहरातल्या अभियंत्यास कळत नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. प्रत्येक नव्या घराच्या खोदकामावर मालक त्यांना मानाने बोलावून नेई, नारळ देई, आणि ते खड्ड्यात वाकून, हातात पिवळसर भुसभुशीत मुरूम घेऊन म्हणत: आता थांबा. याच हातांनी, पोरवयात, वडिलांबरोबर विहिरीत उतरून त्यांनी तोच मुरूम उपसला होता. काळ्या थरात पाणी नव्हते. मुरूम लागला आणि चारी बाजूंनी झरे सुटले, हे घरातल्या सुनेनेही त्यांच्याच तोंडून ऐकले होते. माती पीत नाही आणि मुरूम पितो; विहीर मातीचे पीत नाही आणि मुरमाचे पिते. दोन्ही गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक होत्या. त्या त्यांनी आजवर शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

त्यांनी भावाकडे पाहिले. उत्तमराव आपल्या हातांकडे पाहत होते. तेही त्याच विहिरीत उतरले होते. दामिनी बापाकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात जिंकल्याचा लवलेश नव्हता.

“काका?” श्यामने पुन्हा विचारले. “खोदू ना खोल?”

खुशालरावांनी ओसरीचा खांब धरला.

“मी पाहतो सगळं, श्याम,” अमोल मध्येच म्हणाला. “उन्हात नको उभा राहू. उपसणारी गाडी लावून देतो. पाण्याचं रविवारी होऊन जाईन. तू जाय.”

“तुमचे उपकार हायत सगळ्यायचे,” श्यामने हात जोडले. “आरती नेहमी म्हणे, प्रणालीनं मले कधी पाण्याची वाट पाहू देली नाही.”

तो वळला. फाटकाची कडी त्याच्या हातात होती. अमोलने बायकोचे मनगट धरले, हलकेच, कोणास दिसू नये असे. प्रणालीने मनगट सोडवले. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला. तो तिने सारखा केला नाही. मामंजींच्या समोरून, पायऱ्या उतरून, ती उन्हात फाटकापाशी गेली.

“प्रणाली,” अमोल म्हणाला.

“श्यामभाऊ, थांबा,” ती म्हणाली. “खोल खोदू नका अन् आमचं पाणी घेऊ नका. सगळ्या खड्ड्यायचं पाणी आमच्या विहिरीत उतरते. आरती कावीळनं नाही गेली. तिले आमच्या पाण्यानं मारलं.”